आधी अंतर मोजा, मग लेन्स घ्या

किट लेन्सवर हात बसला की पक्ष्यांची ओढ लागते आणि १८-५५ अपुरी पडायला लागते. समोरच्या तारेवर वेडा राघू ऐटीत बसलेला असतो, फोटोत मात्र हिरवा ठिपका उमटतो. मग चौकशी सुरू होते आणि जो तो मोठा आकडा सांगतो. ३०० घे, ४०० घे, घ्यायचीच तर थेट ६०० घे. पैसे बेताचे असलेल्या हौशी माणसाने या आकड्यांच्या मागे धावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. कोणता पक्षी, किती अंतरावरून आणि कोणत्या उजेडात टिपायचा, एवढं नक्की केलं की लेन्स बरीचशी ठरूनच जाते. बहुतेकांच्या बाबतीत ती जुन्या बाजारातली, अर्ध्या किलोच्या आतली, साधी लेन्स असते.

खालची कृती एपीएस-सी सेन्सरचा डीएसएलआर हाताशी आहे असं धरून लिहिली आहे. म्हणजे कॅननचा १५००डी किंवा २००डी, निकॉनचा डी३५०० किंवा डी५६००, या वर्गातला कॅमेरा. मिररलेसवाल्यांचं पुढे वेगळं सांगतो.

पहिलं काम: अंतर काढा

खरेदीच्या आधीची एक सकाळ फक्त याला द्या. हातातली १८-५५ घेऊन नेहमीच्या जागी जा. शेताचा बांध, गावचं तळं, पुण्याकडचे असाल तर पाषाणचा तलाव किंवा कवडी पाट. जे पक्षी टिपायचे आहेत ते जितकं जवळ येऊ देतात तितकं जाऊन ५५ वर फोटो काढा. पक्षी आपणहून उडाला की तो बसला होता तिथपर्यंत पावलं मोजा. मोठ्या माणसाचं नेहमीचं पाऊल साधारण पाऊण मीटर भरतं. मध्ये पाणी असेल तर काठाकाठाने तेवढंच अंतर चालून अंदाज घ्या. पक्ष्याचं नाव, पावलं आणि वेळ वहीत लिहा.

घरी येऊन फोटो उघडा आणि पक्ष्याने चौकटीच्या रुंदीचा कितवा हिस्सा व्यापला आहे ते बघा. ५५ वर जेवढा दिसतो त्याच्या साडेचार पट तो २५० वर दिसेल, साडेपाच पट ३०० वर आणि जवळजवळ अकरा पट ६०० वर. ज्यांना कागदावर हिशेब करायला आवडतो त्यांच्यासाठी सूत्र असं: अंतर गुणिले सेन्सरची रुंदी, भागिले फोकल लेंथ. उत्तर येतं ती त्या अंतरावर चौकटीत मावणारी रुंदी. अंतर मीटरमध्ये आणि बाकीचे दोन आकडे मिलिमीटरमध्ये घ्या, उत्तर मीटरमध्ये येईल. कॅननच्या एपीएस-सी सेन्सरची रुंदी २२.३ मिलिमीटर, निकॉनची २३.५.

छोटा खंड्या घेऊ. चोचीपासून शेपटीपर्यंत जेमतेम १७ सेंटिमीटर. २५ मीटरवरून २५० च्या लेन्सने कॅननवर सव्वादोन मीटर रुंदीचा भाग चौकटीत येतो, म्हणजे खंड्याला तिचा तेरावा हिस्सा मिळाला. २४ मेगापिक्सलच्या फोटोची रुंदी ६००० पिक्सल, त्यातले खंड्याच्या वाट्याला साडेचारशेच्या आसपास. हा फोटो कापून मोठा केला की पिसांची रेषा उरत नाही. ६०० ची लेन्स लावली तर त्याच २५ मीटरवरून ९३ सेंटिमीटरची चौकट मिळते आणि खंड्या जवळजवळ साडेपाचाव्या हिश्श्याचा होतो. आता २५० घेऊन १० मीटरवर बसा. चौकट येते ८९ सेंटिमीटरची.

हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. १५ मीटर जवळ सरकलं की ३७५ ग्रॅमची लेन्स दोन किलोच्या लेन्सचं काम करते. वर हवेचा जाड थर मध्ये कमी राहतो, त्यामुळे फोटो जास्त स्वच्छ येतो. सकाळी नऊ-दहानंतर तापलेल्या जमिनीवरून किंवा पाण्यावरून लांबचा फोटो काढला तर हवा थरथरते आणि फोटो मऊ येतो. त्यावर कुठल्याही किमतीच्या लेन्सचा इलाज चालत नाही.

जवळ सरकायचं म्हणजे पाठलाग करायचा नाही. उजाडायच्या आधी जाऊन जागा धरायची, मातकट रंगाचे कपडे घालायचे, खाली बसायचं आणि वाट बघायची. खंड्याची बसायची फांदी ठरलेली असते, तो परत येतोच. रस्त्याकडेला इंजिन बंद करून उभी केलेली गाडी उत्तम आडोसा असतो. तांदूळ भरलेली कापडी पिशवी खिडकीच्या काठावर ठेवली की लेन्सला टेकूही मिळतो. घरट्याजवळ मात्र जायचं नाही आणि आवाज लावून पक्षी बोलवायचा नाही. ज्या अंतरावर पक्षी खाणं थांबवून तुमच्याकडे बघायला लागतो, तिथे थांबायचं. तेच तुमचं खरं अंतर.

वहीतल्या नोंदी १५ मीटरच्या आत असतील तर २५० किंवा ३०० पुरे. रोहितासारखा सव्वा मीटरचा पक्षी असेल तर ३० मीटरही चालतात. कॅमेरा उभा धरला तर २५० वर चौकट पावणेतीन मीटर उंचीची येते आणि पक्षी तिचा जवळजवळ अर्धा भाग भरतो. भिगवणला कुंभारगाव किंवा डिकसळहून होडीने उजनीच्या पाण्यात जाणाऱ्यांना हेच गणित लागू पडतं. तिथे नावाड्याचं कसब लेन्सपेक्षा मोलाचं. थव्याला न उठवता कुठवर जायचं हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. नान्नजच्या माळरानावर भोवत्या टिपायचे असतील किंवा धरणाच्या मध्यावर पोहणारी बदकं हवी असतील, तर मात्र लांब पल्ल्याला पर्याय नाही. सिग्माची १५०-६०० कंटेम्पररी १९३० ग्रॅमची, निकॉनची २००-५०० तर २३०० ग्रॅमची. दोन्ही चांगल्या, दोन्ही महाग आणि दोन्ही खांदा दुखवणाऱ्या. वर्षातून दोनदा लागणार असेल तर अशी लेन्स भाड्याने आणावी.

मग उजेड

परवडणाऱ्या टेलिझूमचं ॲपर्चर लांबच्या टोकाला एफ/५.६ किंवा एफ/६.३ असतं. या दोहोंत तिसऱ्या हिश्श्याच्या स्टॉपचा फरक, त्यावर झोप उडवू नका. एफ/२.८ ची ७०-२०० मात्र एफ/५.६ च्या चौपट उजेड घेते, म्हणून ती घ्यावी असं सुचवणारे भेटतात. नाटक, लग्न, सभागृहातला कार्यक्रम यासाठी ती खरोखर उत्तम. पक्ष्यांसाठी २०० तोकडी पडते आणि पैसे तर कितीतरी पट जास्त जातात.

एफ/५.६ वर कोवळ्या उन्हात आयएसओ ४०० ते ८०० ठेवून बसलेल्या पक्ष्यासाठी सेकंदाचा ५०० वा भाग सहज मिळतो. उडत्या पक्ष्याला १६०० वा भाग लागतो, तिथे आयएसओ वाढवायचा. दाट जंगलात, पावसाळी ढगात किंवा सूर्य बुडाल्यावर या लेन्सा दमतात. तुमचं बहुतेक फोटो काढणं भीमाशंकरच्या झाडीत होणार असेल तर हे आधीच लक्षात घ्या.

स्टॅबिलायझर हवाच. २५० च्या टोकाला हाताचा कंप ठळक दिसतो. पण तो तुमचा हात सावरतो, पक्ष्याची मान नाही. शटर स्पीड राखावाच लागतो. होडीत ट्रायपॉड लावू नका, इंजिनची थरथर त्यातून कॅमेऱ्यात उतरते. हातात धरून १००० व्या भागाच्या वर राहा.

लेन्सच्या अंगावरचं नाव वाचा

स्वस्तात फसगत होते ती इथे. दोन लेन्सांची नावं दिसायला सारखी असतात, एका अक्षराने सगळं बदलतं.

कॅननमध्ये पहिली पसंती ईएफ-एस ५५-२५० आयएस एसटीएम. ही २०१३ मध्ये आली. वजन ३७५ ग्रॅम, फोकस जलद आणि जवळजवळ बिनआवाजी, २५० च्या टोकालाही तपशील धरून ठेवते. ८५ सेंटिमीटरपर्यंत जवळचं फोकस होतं, त्यामुळे फुलपाखरंही मिळतात. हिच्या आधीची आयएस २ आणखी स्वस्त मिळते. तिचं फोकस संथ आणि घरघर करणारं, आणि फोकस होताना पुढची काच फिरते. बसलेल्या पक्ष्यांपुरतं भागतं, उडत्यासाठी एसटीएम शोधा. ईएफ ७५-३०० ३ नावाची लेन्स मात्र घेऊ नका. ३०० हा आकडा २५० पेक्षा मोठा दिसतो, किंमत कमी दिसते, म्हणून ती खूप खपते. तिला स्टॅबिलायझर नाही आणि लांबच्या टोकाला ती इतकी मऊ आहे की ५५-२५० चा फोटो कापून मोठा केला तरी सरस निघतो.

निकॉनमध्ये जपून पावलं टाका. पहिली पसंती एएफ-पी डीएक्स ७०-३०० एफ/४.५-६.३ जी ईडी व्हीआर, २०१६ ची, ४१५ ग्रॅम. शेवटची व्हीआर ही दोन अक्षरं नीट बघा, कारण त्याच नावाची स्टॅबिलायझर नसलेली लेन्सही विकली गेली आहे. दुसरी अडचण बॉडीची. डी९०, डी७०००, डी३१००, डी३२००, डी५१०० यांवर एएफ-पी लेन्स फोकस करतच नाही. हातानेही नाही, कारण तिची फोकस रिंग मोटरवर चालते आणि ती मोटर जुन्या बॉडीला कळत नाही. तुमच्याकडे यातली बॉडी असेल तर एएफ-एस ७०-३०० व्हीआर बघा. ही २००६ ची, ७४५ ग्रॅमची, जुनी पण भरवशाची. नुसतं 'एएफ' लिहिलेली ७०-३०० जी पडेल भावात मिळते, तिच्यात मोटर नाही. ती बॉडीतल्या मोटरवर चालते आणि डी३००० व डी५००० मालिकांतल्या बॉड्यांत तशी मोटर नसते. ५५-३०० व्हीआर कागदावर छान दिसते, पण तिचं फोकस फार हळू.

टॅमरॉनच्या ७०-३०० मध्येही दोन भावंडं आहेत. अंगावर 'व्हीसी' असेल ती ए००५ मॉडेलची, ७६५ ग्रॅमची लेन्स घेण्याजोगी. 'मॅक्रो १:२' लिहिलेली स्वस्त लेन्स स्टॅबिलायझरशिवायची, ती सोडा.

टेलिकन्व्हर्टर लावून पल्ला वाढवायचा विचार मनात येईल. १.४ पटीचा कन्व्हर्टर एक स्टॉप उजेड खातो, एफ/५.६ ची लेन्स एफ/८ होते आणि साध्या डीएसएलआरचं फोकस चाचपडायला लागतं. ५५-२५० वर तर कॅननचा कन्व्हर्टर बसतच नाही.

मिररलेससाठी थोडक्यात. निकॉन झेड५० वाल्यांनी झेड डीएक्स ५०-२५० घ्यावी, ४०५ ग्रॅमची ती फार चोख लेन्स आहे. सोनीत ५५-२१० स्वस्त आणि हलकी, पण पक्ष्यांना आखूड. ७०-३५० पर्यंत बजेट ताणता आलं तर ताणावं. कॅनन आर५० किंवा आर१० असेल तर अडॅप्टर लावून जुनी ५५-२५० एसटीएम झकास चालते. आरएफ १००-४०० नवी आणि ६३५ ग्रॅमची, एफ/८ असूनही मिररलेसवर तिचं फोकस अडत नाही, फक्त उजेड चांगला हवा.

जुनी लेन्स तपासायची रीत

या वर्गातली लेन्स नवी घेण्यापेक्षा वापरलेली घ्यावी. कॅमेऱ्याबरोबर दुहेरी किटमध्ये मिळालेल्या ५५-२५० आणि ७०-३०० लोकांच्या कपाटात न वापरता पडून असतात आणि निम्म्याच्या आसपास किमतीत निघतात. मुंबईत फोर्टचा बोरा बाजार आहेच, बाकी शहरांतही कॅमेऱ्याच्या दुकानांत जुना माल असतो. घरून विकणाऱ्याकडून घेत असाल तर दिवसाउजेडी, मोकळ्या जागी भेटा. स्वतःची बॉडी, चार्ज केलेली बॅटरी, रिकामं कार्ड आणि बारीक झोताची विजेरी सोबत न्या.

आधी काच. दोन्ही झाकणं काढा, लेन्स डोळ्यासमोर धरा आणि मागच्या बाजूने विजेरीचा झोत तिरका सोडा. कॅननच्या लेन्सचं ॲपर्चर कॅमेऱ्याबाहेर उघडंच असतं. निकॉनच्या जी लेन्सचं मिटलेलं असतं, माउंटजवळचा छोटा खटका नखाने हलकेच सरकवून धरला की पाती उघडतात. आता झूम एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवत आत बघा. धुळीचे चार कण दिसतील, त्यांना घाबरू नका, फोटोत ते येत नाहीत. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे, बहुधा काठाकडून आत सरकलेले, दिसले तर ती बुरशी. कोकणात आणि मुंबईत पावसाळे काढलेल्या लेन्समध्ये ती हमखास आढळते. 'साफ करून घ्या, होईल' असं विकणारा म्हणेल. या किमतीच्या लेन्सला उघडून साफ करण्याचा खर्च परवडत नाही आणि काचेवरचं कोटिंग बुरशीने खाल्लं असेल तर ते परत येत नाही. लेन्स परत द्या. सगळ्या काचेवर दुधी थर दिसला तरी तेच करा. तो थर उन्हाकडे तोंड केलं की फोटोचा सगळा काळेपणा धुऊन टाकतो.

मग अंग. झूम रिंग फिरवताना मध्येच अडकते का, खरखर येते का बघा. माउंटचे स्क्रू बघा. त्यांच्या खाचा ओरबाडलेल्या असतील तर लेन्स कुणीतरी उघडलेली आहे. पुढचा फिल्टरचा आटा चेपलेला असेल तर ती पडलेली आहे. हलवल्यावर आतून हलकी टकटक ऐकू आली तर लगेच नाकारू नका, स्टॅबिलायझरची काच सैल असल्याने असा आवाज काही लेन्सांत येतो.

आता बॉडीवर लावा. रस्त्यापलीकडची, चाळीस-पन्नास मीटरवरची एखादी पाटी निवडा. झूम शेवटच्या टोकाला, ॲपर्चर पूर्ण उघडं, शटर १००० वा भाग. पाटी मध्यभागी घेऊन फोकस करा, फोटो काढा आणि लगेच फोकस मॅन्युअलवर टाका. मग फोकस न हलवता तीच पाटी चौकटीच्या चारही कोपऱ्यांत आळीपाळीने आणून चार फोटो काढा. पडद्यावर मोठं करून अक्षरं वाचा. चारही कोपरे थोडे मऊ असणं स्वाभाविक आहे. तीन कोपऱ्यांत अक्षरं वाचता येतात आणि चौथ्यात फिसकटतात, तर आतली काच सरकली आहे. कितीही स्वस्त असली तरी ती लेन्स घेऊ नका.

पुढे फोकस ऑटोवर आणा. व्ह्यूफाइंडरमधून फोकस करून पाटीचे तीन फोटो काढा, मग लाइव्ह व्ह्यूमधून तीन. लाइव्ह व्ह्यूचे दरवेळी स्पष्टच सरस येत असतील तर लेन्स आणि तुमची बॉडी यांचं जमत नाही. १५००डी किंवा डी३५०० मध्ये हा फरक मेन्यूतून सुधारायची सोय नाही. शेवटी शटर ६० व्या भागावर आणून स्टॅबिलायझर चालू ठेवून आठ आणि बंद करून आठ फोटो काढा. चालू असताना बहुतेक ठीक आणि बंद असताना बहुतेक हललेले असले पाहिजेत. बटण अर्धं दाबल्यावर व्ह्यूफाइंडरमधलं चित्र स्थिर होतानाही दिसतं. ते उडी मारत असेल तर स्टॅबिलायझर बिघडला आहे.

मूळ बिल मागा आणि त्यावरचा क्रमांक लेन्सवरच्या क्रमांकाशी ताडून बघा. दुकानातून घेत असाल तर परत करायची मुदत बिलावर लिहून घ्या, तोंडी आश्वासन पुरत नाही.

घरी आणल्यावर

पहिला जोडखर्च हूडचा. कॅनन या लेन्सबरोबर हूड देत नाही, वेगळा घ्यावा लागतो. ५५-२५० एसटीएमला ईटी-६३ बसतो, निकॉनच्या एएफ-पी ७०-३०० ला एचबी-७७. तिरप्या उन्हात रंग टिकतात आणि लेन्स कुठे आपटलीच तर आघात हूड झेलतो. दोनशे रुपयांचा यूव्ही फिल्टर लावू नका. टेलिच्या लांब टोकाला असली काच तीक्ष्णपणा खाते, आणि मग दोष लेन्सच्या माथी जातो.

परत करायची मुदत संपायच्या आत लेन्स तुमच्या ठरलेल्या अंतरांवर चालवा. वहीतली तीच जागा, तेच पक्षी, तीच वेळ. काही फोटो २५० वर एफ/५.६ ने काढा, काही एफ/७.१ किंवा एफ/८ ने. बऱ्याच लेन्सा थोडं ॲपर्चर बंद केलं की जास्त तीक्ष्ण होतात. तुमची कितीवर खुलते हे समजलं की उजेड असेल तेव्हा तिथेच ठेवता येतं. फोटो मऊ येत असेल तर आधी शटर स्पीड वाढवून बघा, मग हवेची थरथर तपासा, मग लेन्सवर शंका घ्या.

पावसाळ्यासाठी रबरी कडा असलेला हवाबंद डबा, आत सिलिका जेल आणि एक छोटं आर्द्रतामापक एवढी तयारी हवी. आकडा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान ठेवा. कापडी बॅगेत, कपाटात महिनोन्महिने ठेवलेली लेन्स बुरशीला आमंत्रण असते. पावसातून फिरून आल्यावर लेन्स पुसून, पंख्याखाली तास-दोन तास मोकळी ठेवून मगच डब्यात घाला. सिलिका जेलचे मणी रंग बदलले की गरम करून कोरडे करता येतात, पण त्यासाठी स्वयंपाकाचं भांडं वापरू नका.